भीतीला मी राग म्हटलं

१४ जून

प्रिय वहिनी,

नमस्कार. मी इथे बरी आहे आणि तिकडे तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते. छकुली आता चुरूचुरू बोलत असेल.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवलं असशील, तर ते बरोबरच आहे. तुझ्या माहेरचा पत्ता आईकडे मागायची हिंमत झाली नाही, म्हणून मोठ्या बाईंकडून घेतला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या सुधारगृहाच्या मुख्य. उंचीने त्या माझ्या खांद्यालाही लागत नाहीत, पण त्या दारात उभ्या राहिल्या की भोंगासुद्धा गप्प बसते. भोंगा माझ्या शेजारच्या कॉटवर असते. आवाजावरून तिला हे नाव पडलं आणि ते तिला आवडतं. इथे येण्याआधी तिला कुणी लाडाने हाकच मारली नव्हती, असं ती म्हणते.

मी बेकरीत काम करते. सकाळी पीठ मळायचं, ट्रेला तेल लावायचं, पाव भट्टीतून निघाले की सुटे करायचे. आधी माझं नाव शिवणाच्या वर्गात घातलं होतं. घरी दुकान होतं, हात बसलेला असेल, म्हणून. मी ते बदलून घेतलं. बेकरीत अंगाला छान वास येतो, बाकी काही कारण नाही.

लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. इथे एक बाई येतात. आमच्यासारख्या मुलामुलींना दुसऱ्याच्या तोंडावरचे भाव कितपत ओळखता येतात, याचा त्या अभ्यास करतात. आम्ही त्यांना फोटोवाल्या बाई म्हणतो. त्यांच्या लॅपटॉपवर एक चेहरा येतो आणि लगेच जातो. त्यावर काय होतं ते सांगायचं. खाली सहा बटणं असतात. आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य.

मला वाटलं, ही काय परीक्षा झाली. तुला माहीतच आहे, या बाबतीत मी स्वतःला किती हुशार समजायचे. बाबा होते तेव्हा ते दारात चपला कशा काढतात त्यावरून आज घरात काय होणार ते मला कळायचं. दादाला कळायचं नाही आणि तो मार खायचा. मी आधीच पलंगाखाली असायचे. तेव्हा मी खुर्चीवर ऐटीत बसले आणि भराभर बटणं दाबत सुटले.

आनंद मला बरोबर आला. तो कुणालाही येईल. पुढे मात्र राग, राग, राग. भोंगा खिडकीतून बघत होती. नंतर म्हणाली, "सगळं जग तुझ्यावरच चिडलंय काय गं? जगाला दुसरं काम नाही?" आम्ही खूप हसलो.

मग बाईंनी मला परत बोलावलं आणि म्हणाल्या, "तू राग म्हटलेल्या चेहऱ्यांमधले बरेचसे घाबरलेले आहेत."

मी म्हटलं, "तुमच्या मशीनमध्ये बिघाड असेल."

त्या चिडल्या नाहीत. निदान मला तरी तसं वाटलं नाही. त्यांनी एक फोटो लावला आणि तसाच ठेवला. एक बाई, डोळे मोठे, तोंड उघडं. "नीट बघ, घाई नाही. काय वाटतं?"

"आता ही ओरडणार. मग मारणार."

"भुवया बघ. चिडलेल्या माणसाच्या खाली येतात. हिच्या वर गेल्यात आणि जवळ आल्यात. हे डोळे बघ. ही घाबरली आहे गं."

मी बराच वेळ बघत राहिले. त्यांनी विचारलं, कुणाची आठवण आली का? मी नाही म्हटलं. उलट त्यांनाच विचारलं की ही कुणाला घाबरली आहे. त्या म्हणाल्या, कुणाला नाही, फोटोसाठी तिने तसा चेहरा केलाय.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझा वाटा भोंगाने खाल्ला.

तुझ्या गालाची जखम भरली असेल. टाके काढले एवढं आई एकदा बोलली होती, पुढे तिने काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तब्येतीला जप. छकुलीला सर्दी लवकर होते, गार पाण्यात खेळू देऊ नकोस. तुला हे मी सांगायला हवं असं नाही.

तुझी,
बारकी


२ ऑगस्ट

वहिनी,

तुझं उत्तर येणार नाही हे मी धरलंच होतं. तू स्वतः येशील असं मात्र स्वप्नातही वाटलं नव्हतं.

परवाचं लिहायला हात उचलत नाही. पण तू एवढ्या लांबून दोन बस बदलून आलीस, छकुलीला शेजारी ठेवून आलीस, आणि मी काय केलं ते मला तुझ्यासमोर नाही तर निदान कागदावर तरी कबूल करायला हवं.

भेटीच्या खोलीत तू खिडकीजवळच्या बाकावर बसली होतीस. मांडीवर पिशवी. मी आत आले, तू मान वर केलीस आणि हसलीस. आणि मला ते हसू कुत्सित दिसलं. तोंडाची एकच बाजू वर गेली, दुसरी तशीच. "काय, जिरली का?" असं म्हणणारं. बाबांचे एक दोस्त होते, ते तसं हसायचे. माझं डोकं फिरलं. "माझी मजा बघायला आलीस का?" असं मी सगळ्यांसमोर ओरडले. स्टूल लाथेने उडवलं. शेजारी एका मुलीची म्हातारी आजी बसली होती, ती दचकून उभी राहिली. मी मागे वळून न बघता निघून गेले आणि वर मनात म्हटलं, बरं झालं.

संध्याकाळी मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, स्टुलासाठी शिक्षा होणार. त्यांनी बसायला सांगितलं. तुझी पिशवी टेबलावर होती. त्यात माझ्यासाठी मोजे होते आणि खोबरेल तेल.

"तुझी वहिनी तुला हसत नव्हती," त्या म्हणाल्या. "तिचं तोंड तेवढंच हलतं. त्या बाजूची नस तुटली आहे. तुला कुणी सांगितलं नाही?"

नाही सांगितलं. तुला जखम झाली एवढंच मी धरून चालले होते. जखम भरते. व्रण राहिला असेल, तो पदराने किंवा केसांनी झाकता येत असेल, असले विचार मी करायचे. तुला जेवताना एका बाजूने घास सांभाळावा लागतो, त्या डोळ्याची पापणी नीट मिटत नाही, हे मला परवा कळलं, तेही परक्या बाईकडून. तू मला बघून अर्ध्या तोंडाने का होईना हसलीस, आणि ते अर्धं मीच केलेलं होतं, आणि मी त्याच्यावरच ओरडले. वहिनी, मला माझीच शिसारी आली.

आता त्या दिवसाबद्दल. आजवर मी त्याला "ते झालं तेव्हा" असंच म्हणत आले. ते झालं नाही. मी केलं.

शाळेतून फोन आला होता, मी कित्येक दिवस गेलेच नव्हते. तू दुकानात, म्हणजे आपल्या पुढच्या खोलीत, कापड बेतत होतीस. गिऱ्हाईक नव्हतं. तू विचारलंस, "बारके, रोज डबा घेऊन जातेस कुठे?" एवढंच. आवाजही चढवला नव्हतास. मला मात्र चोरी पकडल्यासारखं झालं. मी वाट्टेल ते बोलले, तू परक्या घरची, तू मला विचारणारी कोण, वगैरे. टेबलावरची मोठी कात्री उचलली. आपटायला म्हणून उचलली होती. मग तू माझ्याकडे बघितलंस. डोळे मोठे, तोंड उघडं. आणि एकदम पुढे आलीस. मला वाटलं, आता ही मारणार. मी हात फिरवला.

जबाबात मी तेच सांगितलं. वहिनी चिडून अंगावर धावून आली. वकीलसाहेबांना ते आवडलं. आईला तर फारच आवडलं. दादाने तुला काय विचारलं असेल ते मला माहीत नाही, पण तू छकुलीला घेऊन माहेरी गेलीस ते त्यानंतरच.

फोटोवाल्या बाईंनी तो फोटो दाखवल्यापासून तुझा तो चेहरा माझ्यापुढून हलत नाही. तुझ्या भुवया वर होत्या. आणि तू माझ्याकडे बघतच नव्हतीस. माझ्या मागे, खाली बघत होतीस. खाली छकुली होती. तू माझ्याकडे येत नव्हतीस. तिला उचलायला येत होतीस.

हे मला आता कळलं. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच लिहिते. माफी हा शब्द लिहून खोडला, तो इथे फार छोटा दिसतो. मोजे घातले नाहीत. ठेवून दिलेत.

बारकी


२१ सप्टेंबर

वहिनी,

नमस्कार. हे पत्र मोठं होईल. वाचायचं की नाही ते तुझ्यावर.

मागच्या पत्रात मी तुला पूर्ण खरं लिहिलं नाही. फोटो बघितल्यावर कळलं, असं लिहिलं. चेहऱ्याचं खरं आहे. तुझा चेहरा मला तेव्हा खरोखर रागाचाच वाटला होता, यात खोटं काही नाही. पण छकुली मागे होती हे कळायला मला फोटो लागला नाही. तिने मागून माझे कपडे धरले होते. नुकती उभी राहायला लागली होती ना, जे हाताला येईल ते धरायची. मला तिची ओढ जाणवली होती. कात्री हातात असताना जाणवली होती. आणि पोलिसांनी, वकिलांनी, न्यायाधीश बाईंनी जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा मी तेवढंच गाळलं. ते सांगितलं असतं तर तू कशासाठी पुढे आलीस ते कुणालाही कळलं असतं. म्हणून गाळलं. गाळता गाळता मलाही ते आठवेनासं झालं, असं म्हणायला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. ते रोज आठवायचं.

आता पुढचं सांगते.

या महिन्यात माझ्या लवकर सुटकेची सुनावणी होती. वकीलसाहेब आधी येऊन भेटले. फोटोंच्या परीक्षेबद्दल त्यांना कळलं होतं आणि ते खूश होते. "हे तर सोन्यासारखं आहे," म्हणाले. "या मुलीला भीती ओळखूच येत नाही. तिला वाटलं हल्ला होतोय. यात तिचा काय दोष?"

वहिनी, क्षणभर मलाही ते सोन्यासारखंच वाटलं. माझा दोष नाही, माझ्या डोळ्यांचा आहे. बाबांचा आहे. कितीतरी दिवसांनी मला हलकं वाटलं. आणि मग त्याचीच इतकी लाज वाटली की मी वकीलसाहेबांच्या तोंडाकडे बघू शकले नाही.

मी फोटोवाल्या बाईंकडे गेले. त्यांना विचारलं, "मला भीती राग दिसते, म्हणून मी ते केलं का?"

त्या विचार करून बोलल्या. "कदाचित तेही एक कारण असेल. पण ज्यांना भीती ओळखता येत नाही असे पुष्कळ लोक कुणाला काही करत नाहीत. आणि ज्यांना नीट ओळखता येते, त्यातलेही काही करतात. माझा अभ्यास एवढंच सांगतो की चेहरा वाचणं शिकता येतं. बाकीचं माझे फोटो सांगू शकत नाहीत."

त्यांनी माझी परत परीक्षा घेतली. आता बरंच बरोबर येतं. तरी घाईत असले की अजून राग म्हणते. भोंगाला किळस ओळखता येत नाही, आणि रोजचं जेवण बघता ते तिच्या पथ्यावरच पडलंय.

सुनावणीच्या आधी आई आणि दादा भेटायला आले. मी ठरवलं होतं की आधी त्यांना सांगायचं. आईने संत्री आणली होती, ती सोलायला लागली. मी म्हटलं, "वहिनी मला मारायला आली नव्हती. छकुली माझ्या मागे होती. मला माहीत होतं."

आईचा हात थांबला नाही. फोडी सुट्या करत म्हणाली, "सुटायची वेळ आली आणि आता कशाला हे उकरतेस?"

"आई, तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? मी स्वयंपाकघरात होते." मग जरा वेळाने म्हणाली, "पोरगी तुझ्या मागेच रडत होती. मीच तिला उचललं."

म्हणजे तिला माहीत होतं. तिने कुणाला सांगितलं नाही आणि मीही नाही. दोघींनी मिळून तुला घराबाहेर काढलं, एकमेकींशी एक शब्दही न बोलता. आई वाईट नाही, वहिनी. तिला पोटची पोरगी तुरुंगात जाताना दिसत होती. पण तुझ्या आईलाही तिची पोरगी दिसत असेल, हे तिला सुचलं नाही.

दादा बाकावर पुढे वाकून बसला होता, कोपरं गुडघ्यांवर, तोंड अर्धं तळव्यात. कान लाल झाले होते. जबडा घट्ट. मला वाटलं, आता हा उठून मला मारणार, आणि मारलं तर बरंच होईल. माझे पाय आपोआप बाकाखाली गेले. मग मी स्वतःला म्हटलं, तुला काय दिसतंय ते सोड, त्याला विचार. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला असं विचारलं.

"दादा, तुला माझा राग आलाय का?"

त्याने तोंडावरचा हात काढला. मग म्हणाला, "तिने मला सांगितलं होतं. दवाखान्यात. तोंडाला पट्टी होती, बोलता येत नव्हतं, तरी सांगितलं, छकुलीला उचलायला गेले म्हणून. मी म्हटलं, खोटं बोलतेस. माझ्या बहिणीवर घालतेस."

"मग आता राग आलाय?"

"गप्प बस जरा," तो म्हणाला. "लाज वाटतेय मला."

बाईंच्या त्या सहा बटणांत लाज नाही. मी नंतर त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, ती फोटोत पकडायला अवघड असते, लाजलेला माणूस तोंड लपवतो. मला वाटतं, आमच्या घरात ती इतकी वर्षं आहे आणि आम्ही तिला कायम रागच म्हणत आलो. बाबांना नोकरीवरून काढलं तेव्हाही ते चपला आपटतच आले होते.

सुनावणीत मी सगळं सांगितलं. वकीलसाहेबांनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "हे कुणाच्या सांगण्यावरून बोलतेस?" मी म्हटलं, कुणाच्या नाही. "म्हणजे आधी खोटं सांगितलंस?" मी म्हटलं, "राग दिसला ते खरं होतं. लेकराने मागून धरलं होतं, ते लपवलं." त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं आणि मला वाचून दाखवायला लावलं. वाचताना माझा आवाज इतका बारीक झाला की दोनदा मोठ्याने वाच म्हणाल्या.

सुटका नामंजूर झाली. पुढच्या वर्षी परत बघू म्हणाल्या. मोठ्या बाईंनी परत येताना गाडीत माझा हात धरला होता. मला रडू आलं नाही. भोंगाला मात्र आलं. मी जाणार म्हणून ती रुसून बसली होती, आणि मी राहिले म्हणून रडली. आणि हे वाचून मी फार मोठं काही केलं असं वाटून घेऊ नकोस. जे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं ते मी तुझा संसार विस्कटून झाल्यावर सांगितलं.

जबाबाची नवीन प्रत दादाने मागून घेतली आहे. तो तुझ्याकडे येणार आहे. कधी ते मला सांगितलं नाही. तुला न्यायला येतोय असं तो म्हणत नाही. म्हणतो, तिच्या दारात उभं राहून माझ्या तोंडून सांगायचंय की ती खरं बोलत होती. तुझ्या आईवडिलांसमोर सांगायचं, असंही म्हणाला. आईने सोबत येते म्हटलं, तर त्याने तिला सांगितलं, तू आपली वेगळी जा, माझ्या आडोशाने नको. आईला ते लागलं, पण ती नाही म्हणाली नाही.

तू त्याला घरात घे असं मी लिहिणार नाही. तो अधिकार माझा नाही. दार लावून घेतलंस तर मी त्याला सांगेन की ते दार मी लावलंय. आणि त्याच्याबरोबर परत जायचं ठरवलंस, तर मी सुटल्यावर त्या घरात येणार नाही. मोठ्या बाईंशी बोलून ठेवलंय. काम करणाऱ्या मुलींचं एक वसतिगृह आहे, बेकरीच्या कामावर तिथे जागा मिळू शकते. छकुली त्या घरात माझ्याकडे पाठ करूनही बिनघोर उभी राहू शकली पाहिजे, आणि ते मला आज छातीठोकपणे सांगता येत नाही. उद्या येईल कदाचित. तोवर लांब बरी.

तू परत कधी इथे आलीस तर मी जागेवरून उठणार नाही. तुझ्या चेहऱ्यावर काय आहे ते मला कळेलच असं नाही, आणि अंदाज तर मी आता करणारच नाही. विचारीन. तू जे सांगशील ते खरं मानीन. ते काहीही असलं तरी.

तुझं खरं जिने दीड वर्ष दाबून ठेवलं,
ती तुझी नणंद